घोडबंदर रस्त्याकडेची वाडी आणि सातेरीच्या पेट्या: एका जागाबदलाचं प्रकरण

हे प्रकरण ठाणे शहरातलं आहे. वाडीमालकांच्या संमतीने ते इथे मांडलं आहे. नावं काढून टाकली आहेत आणि जागा ओळखू येईल अशा खुणा बदलल्या आहेत. मधपेट्या ठेवायचा विचार करणाऱ्या, पण रस्ता आणि वस्ती यांच्या मधोमध अडकलेल्या बागायतदारांना यातून काही उपयोग व्हावा, एवढ्यासाठी ते सविस्तर लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

घोडबंदर रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला अजूनही काही जुन्या वाड्या तग धरून आहेत. पुढे महामार्ग आणि मेट्रोचे खांब, आजूबाजूला टॉवर, पाठीशी येऊरचा डोंगर आणि राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. अशाच साडेतीन एकरांच्या एका वाडीची ही हकीकत. आंब्याची झाडं भरपूर, त्यात हापूस थोडा आणि रायवळ जास्त. डोंगराच्या अंगाला जांभळांची रांग, विहिरीभोवती नारळ, शेवगा, जाम आणि लिंबं. वाडीचे मालक सत्तरीतले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. पेट्या आणायची कल्पना त्यांच्या सूनबाईंची. या वहिनींनी मधमाशीपालनाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं आणि कामाची त्यांना मनापासून आवड होती.

दिवाळीनंतर वाडीत सातेरी माशीच्या दहा वसाहती आल्या. सातेरी ही आपल्याकडची देशी माशी. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत ती एकापुढे एक अशी समांतर पोळी बांधते, म्हणून पेटीतही रमते. युरोपातून आलेल्या मेलिफेरा माशीपेक्षा ती मध कमी देते आणि तिचा पल्लाही लहान; साधारण एक-दीड किलोमीटरच्या आत ती आपलं काम उरकते. हा पल्ला लक्षात ठेवावा. पुढची बरीचशी गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे.

पेट्या ठेवल्या त्या महामार्गाकडच्या कंपाउंड भिंतीला लागून, आतल्या अंगाने, ओळीत. कारण सरळ होतं. टेम्पो तिथपर्यंत येत होता, सकाळचं ऊन चांगलं मिळत होतं आणि जमीन सपाट होती. दारं रस्त्याकडे झाली होती, कारण वाडीच्या बाजूने पेटी उघडायला जागा हवी होती. भिंत कमरेएवढी, पलीकडे सर्व्हिस रोड, बसथांबा, उसाच्या रसाची एक गाडी आणि मग महामार्ग.

अण्णांच्या दोन अपेक्षा होत्या: घरचा मध मिळावा आणि आंब्याचा मोहोर चांगला धरावा.

अडचण

जानेवारीच्या मध्यापर्यंत चार तक्रारी एकाच वेळी समोर आल्या होत्या.

बसथांब्यावर दोघांना आणि एका दुचाकीस्वाराला माशी चावली. रसाच्या गाडीवर माश्या घोंघावू लागल्या. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी लेखी पत्र देऊन पेट्या हलवायला सांगितलं. सोबत चौदाव्या मजल्याच्या सज्जाखाली लटकलेल्या पोळ्याचा फोटो जोडला. आणि पेट्या स्वतःच खंगत चालल्या होत्या. दोन वसाहती पेटी सोडून निघून गेल्या होत्या. सातेरीला जागा मानवली नाही की ती असं करते. उरलेल्या आठांपैकी तीन पेट्यांमध्ये माश्या निम्म्या फ्रेमसुद्धा, म्हणजे पोळं बांधायच्या लाकडी चौकटीसुद्धा, झाकत नव्हत्या.

याच टप्प्यावर मला बोलावणं आलं. तोवर घरात दोन तट पडले होते. अण्णा म्हणत होते, “नको बाई हा ताप, उद्या कुणाच्या पोराला काही झालं तर?” वहिनींचं म्हणणं होतं की धुरामुळे माश्या मरताहेत, पेट्या थोड्या आत घेतल्या की सगळं सुरळीत होईल.

आधी पाहणी

पहिला निर्णय घेतला तो घाई न करण्याचा. पेटी कुठे हलवायची हे ठरवण्याआधी माश्या जातात कुठे आणि मरतात कुठे, हे पाहायचं ठरलं.

मेलेल्या माश्यांचे दोन वेगवेगळे ढीग सापडले आणि त्यावरून बरंच काही कळलं. सर्व्हिस रोडच्या कडेला, धुळीत, तुटलेल्या पंखांच्या आणि चिरडलेल्या माश्या पडल्या होत्या. या वाहनांना धडकलेल्या. पेट्यांच्या दारापुढे मात्र अख्ख्या माश्या पडल्या होत्या आणि त्यांतल्या कितीतरींची सोंड बाहेर लोंबत होती. सोंड बाहेर काढून मेलेली माशी दिसली की पहिला संशय विषबाधेचा घ्यावा. वहिनींनी आठवून सांगितलं की मोहोरावर तुडतुडे दिसल्याने आदल्या आठवड्यात मक्तेदाराच्या माणसांनी फवारणी केली होती, तीही सकाळी नऊच्या सुमारास, माश्या ऐन कामात असताना. आंब्याचं पीक मोहोरावरच मक्त्याने दिलेलं होतं. राखण, फवारणी, उतरणी सगळं मक्तेदाराच्या हाती. वाडी अण्णांची, पण औषधाचा पंप दुसऱ्याच्या खांद्यावर, अशी स्थिती होती.

मग माश्या जातात कुठे ते पाहिलं. यासाठी जुनी, बिनखर्चाची युक्ती आहे. दारातून निघणाऱ्या माश्यांवर चिमूटभर मैदा भुरभुरायचा आणि मग आसपासच्या फुलांवर पांढऱ्या पाठीची माशी शोधत फिरायचं. वाडीतल्या आंब्यावर अशा माश्या अगदी तुरळक दिसल्या. महामार्गाच्या पलीकडे मात्र त्या ठिकठिकाणी सापडल्या: नर्सरीतल्या झेंडूवर, सोसायटीच्या कमानीवरच्या गुलाबी अँटिगोनॉनच्या वेलीवर, आणि सर्वांत जास्त एका बांधकामावर. तिथे नुकत्याच ओतलेल्या कॉलमना बारदान गुंडाळून पाणी मारत होते. त्या ओल्या बारदानावर सातेरी माश्या रांगेने बसून पाणी पीत होत्या.

प्रकरणाचा धागा इथे हाती लागला. अन्न आणि पाणी दोन्ही रस्त्याच्या पलीकडे होतं. वाडीतली विहीर खोल आणि कठड्याची, माशीला उतरता न येणारी. आणि आंबा हे माशीचं आवडतं झाड नाही. आंब्याचं परागीभवन मुख्यतः निरनिराळ्या माशा-चिलटांकडून होतं. मधमाशी मोहोरावर येते, पण शेजारी दुसरं बरं काही फुललं असेल तर तिकडे वळते. मोहोराच्या एका तुऱ्यात शेकडो फुलं असतात, त्यातली पुष्कळ नर असतात आणि फळ धरणारी फुलं शंभरात एकही नसतात. पेट्या ठेवल्या म्हणून आंबा लदबदेल, ही अपेक्षाच फार मोठी होती. अण्णांना हे सांगणं अवघड होतं, पण सांगितलं.

पेटीची दारं भिंतीलगत रस्त्याकडे. पेटीतून निघालेल्या माशीला उंची गाठायला अंतर लागतं. इथे दारातून निघून ती थेट सर्व्हिस रोडवर, माणसाच्या डोक्याच्या आणि गाडीच्या काचेच्या उंचीवर पोचत होती. परतताना मकरंदाने किंवा पाण्याने जड झालेली माशी पुन्हा खाली उतरत त्याच पट्ट्यातून येत होती. भर म्हणून रस्त्याकडेच्या तारांवर वेडे राघू बसलेले. एक राघू तारेवरून सूर मारतो, माशी टिपतो, परत येऊन ती तारेवर घासून नांगी काढतो आणि गिळतो. आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात हे कितीदा तरी झालं. रात्री हायमास्ट दिव्याचा झोत थेट दारांवर पडत होता आणि काही माश्या अंधार पडल्यावरही बाहेर येऊन दिव्याकडे जात होत्या. त्या परतत नाहीत.

धुराचा मुद्दा राहिला. वहिनींची शंका निराधार नव्हती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की डिझेलच्या धुरात फुलाच्या वासातले काही घटक नष्ट होतात आणि मग मधमाशीला तो वास ओळखणं अवघड जातं. बंगळुरूत आग्या माशीवर झालेला आणि २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर आपल्या शहरांच्या अगदी जवळचा आहे. मध्यम आणि जास्त प्रदूषित भागांतून पकडलेल्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक माश्या एका दिवसात मेल्या. घोडबंदरवरून रात्रंदिवस कंटेनर आणि ट्रक जातात, तेव्हा धूर निरुपद्रवी आहे असं कुणीच म्हणू नये. पण या वाडीत दारापुढचा ढीग फवारणीचा होता आणि रस्त्याकडेचा ढीग वाहनांचा. हे दोन्ही थांबवणं आपल्या हातात होतं. धूर कमी करणं हातात नव्हतं, त्यापासून लांब जाणं होतं.

सेक्रेटरींनी जोडलेला फोटो पाहिला तेव्हा उलगडा झाला की ते पोळं सातेरीचं नव्हतंच. उघड्यावर लटकणारं एकच मोठं पोळं हे आग्या माशीचं. ती पेटीत राहत नाही, कुणी पाळत नाही. टॉवरचे सज्जे तिला कड्यासारखे वाटतात, म्हणून ती दरवर्षी येते आणि जाते. पण बसथांब्यावर चावलेल्या माश्या आपल्याच असण्याची शक्यता दाट होती, हेही त्यांना तितकंच स्पष्ट सांगितलं. निम्मं सत्य सांगून तक्रार झटकली असती तर पुढचं काहीच जमलं नसतं.

कोणते पर्याय होते

पेट्या कायमच्या बंद करणं हा अण्णांचा पर्याय. सुरक्षित, पण वाडीत जांभूळ, शेवगा, जाम, नारळ असताना तो घाईचा ठरला असता.

सातेरीऐवजी नांगी नसलेली छोटी माशी, जिला कोकणात कुणी पोयाची माशी म्हणतात, ती ठेवायची असाही विचार झाला. चावण्याचा प्रश्नच मिटतो आणि ती लांब जात नाही. पण तिचा मध अत्यल्प, आणि वहिनींचं प्रशिक्षण सातेरीचं. हा पर्याय वाईट नव्हता, पण त्या वेळी मागे पडला.

पेट्या डोंगराच्या आत, जंगलाच्या हद्दीत नेऊन ठेवाव्यात अशी सूचना नातेवाइकांकडून आली. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय असं काही करता येत नाही. ती तिथेच सोडली.

भिंतीवर आठ-दहा फूट उंच हिरवी जाळी लावून माश्यांना वर उडायला भाग पाडायचं, हा स्वस्त आणि एका दिवसात होणारा उपाय. अनेक ठिकाणी तो पुरतो. इथे त्याने बसथांब्याचा त्रास कमी झाला असता, पण पाणी, दिवा, राघू आणि धूर जिथल्या तिथे राहिले असते.

उरला तो पर्याय वाडीतच आत, डोंगराकडच्या अंगाला पेट्या नेण्याचा. इथे सर्वांत कठीण वळण होतं. भिंतीपासून आतली जागा दीडशे-दोनशे मीटरवर. इतक्या जवळ पेटी हलवली की बाहेर गेलेल्या माश्या सवयीने जुन्या जागी परततात, पेटी सापडत नाही, आणि भिंतीवर घोंघावत बसतात. म्हणजे बसथांब्यावर पहिल्यापेक्षा जास्त गोंधळ. माशीची जागेची आठवण पुसायची तर तिला तिच्या ओळखीच्या टापूबाहेर न्यावं लागतं. बाहेर काम करणाऱ्या माश्यांचं आयुष्य तेव्हा दोन-तीन आठवडेच उरलेलं असतं. तेवढा काळ लांब ठेवून आणलं तर जुनी वाट माहीत असलेल्या माश्या फारशा उरत नाहीत.

काय केलं

मुरबाडकडे वहिनींच्या माहेरची शेती होती. काकडी-दुधीचे मळे, बांधावर काटेसावर फुललेली. तिथे फवारणी केव्हा आणि कशाची होते हे आधी विचारून घेतलं, कारण एका विषातून काढून दुसऱ्यात नेण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळी माश्या आत आल्यावर दारांना बारीक जाळी लावली, फ्रेम हलू नयेत म्हणून पट्ट्या ठोकल्या, पेट्या दोरीने आवळल्या आणि रात्रीच टेम्पोने आठही वसाहती मुरबाडला नेल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीवर थोड्या माश्या भिरभिरताना दिसल्या. दोन दिवसांत त्याही संपल्या.

पेट्या परत कधी आणायच्या, हा या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा निर्णय. तीन आठवडे झाल्यावर वहिनींना लगेच आणायच्या होत्या. पण फेब्रुवारीत वाडीत माशीला खायला काय होतं? आंब्याचा सरता मोहोर. ती पुन्हा पहिल्याच दिवशी महामार्ग ओलांडून नर्सरी शोधती. म्हणून जांभूळ फुलेपर्यंत थांबायचं ठरलं. नव्या जागी आलेली माशी पहिल्या दिवसांत जे अन्न आणि जे पाणी शोधते, त्याचीच वाट तिच्या अंगवळणी पडते. ते अन्न आणि पाणी रस्त्याच्या अलीकडे असलं पाहिजे.

त्या मधल्या काळात जागा तयार केली. डोंगराकडे, जांभळांच्या रांगेपासून थोडं अंतर सोडून, दुपारी सावली येईल अशा ठिकाणी स्टँड रोवले. मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. रस्त्याच्या बाजूला बांबूचं जुनं बेट होतं, ते आडोसा म्हणून राखलं. दारं रस्त्याकडे नाहीत आणि नैर्ऋत्येकडेही नाहीत; पावसाळ्यात तिकडून झड येते. ती आग्नेयेला वळवली. पाण्यासाठी दोन पसरट घमेल्यांत खडी आणि काथ्या टाकून उथळ पाणी ठेवलं, पेट्यांपासून दहा-पंधरा पावलांवर. पेट्या येण्याआधीच ते भरलेलं होतं आणि पहिले काही दिवस त्यात किंचित साखर घातली, म्हणजे माशीला ते लवकर सापडेल.

मक्तेदाराशी बोलणी अण्णांनी केली. ते काम त्यांचंच होतं. तुडतुड्यांसाठी आंब्यावर वापरली जाणारी इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही औषधं मधमाशीला अतिशय घातक आहेत आणि मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारणी टाळावी, असं कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतही सांगितलेलं असतं. मक्तेदाराचा पैसा त्या मोहोरात अडकलेला, त्यामुळे तो ऐकेल की नाही ही धाकधूक होती. अण्णांनी त्याला मेलेल्या माश्या भरलेली काचेची बरणी दाखवली. तो बराच वेळ बरणीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “शेठ, मला कुणी सांगितलंच नव्हतं.” ठरलं ते असं: पहिली फवारणी मोहोर उमलण्याआधी, फुललेल्या मोहोरावर नाही, फारच गरज पडली तर आदल्या दिवशी वहिनींना कळवून, सूर्यास्तानंतर.

सोसायटीच्या कार्यालयात वहिनी एक रिकामी पेटी आणि फ्रेम घेऊन गेल्या. सातेरी आणि आग्या यांतला फरक दाखवला, स्वतःचा फोन नंबर नोटीस बोर्डावर लावला. माशी चावली तर नांगी नखाने लगेच खरवडून काढा. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला किंवा अंगभर गांधी उठल्या तर एक क्षणही न थांबता रुग्णालय गाठा, हेही त्या कागदावर होतं.

आठपैकी पाचच वसाहती परत आणल्या. तीन मुरबाडलाच ठेवल्या. एवढ्याशा वाडीला दहा पेट्या झेपत नव्हत्या.

निकाल

जांभूळ फुललं तसं माश्यांनी ते उचललं. मैद्याची चाचणी पुन्हा केली तेव्हा पांढऱ्या पाठीच्या माश्या जांभळावर, शेवग्यावर आणि घमेल्याच्या कडेवर दिसल्या. बसथांब्यावरून तक्रार आली नाही. रसाच्या गाडीवर अधूनमधून माश्या येत राहिल्या. गाडीवाल्याने चिपाडाची बादली झाकून ठेवायला सुरुवात केल्यावर त्याही कमी झाल्या.

मे महिन्यात खाडीकडची तिवरं फुलली आणि काही माश्या पुन्हा रस्ता ओलांडू लागल्या. हे होणारच होतं. पण आता त्या बांबूच्या बेटावरून आणि आंब्यांच्या शेंड्यांवरून उंच जात होत्या आणि रस्त्याकडेला मेलेल्या माश्या क्वचितच सापडल्या. रस्ता ओलांडण्याला बंदी घालता येत नाही, उंची मात्र देता येते.

मध थोडाच निघाला. भिंतीलगतच्या काळात साठलेल्या फ्रेममधला मध काढलाच नाही. फवारणीनंतरचा तो मध विकायचा नाही, खायचाही नाही असं वहिनींनी ठरवलं. पावसाळ्यात साखरेचा पाक देऊनही एका वसाहतीत पोळं पोखरणाऱ्या मेणपतंगाच्या अळ्या पडल्या आणि ती गेली. चार टिकल्या.

आंब्याचं पीक पेट्यांमुळे वाढलं असं म्हणायला काहीच आधार नाही. जांभूळ जास्त धरलं असं अण्णा म्हणतात. मोजलेलं नाही, त्यामुळे ते त्यांचं निरीक्षण म्हणूनच घ्यावं.

वेगळं काय करता आलं असतं

पेट्या आणण्याआधी वाडीचं फूलवेळापत्रक लिहायला हवं होतं: कोणत्या महिन्यात आत काय फुलतं आणि रस्त्यापलीकडे काय. ते कागदावर आलं असतं तर दिवाळीऐवजी जांभळाच्या तोंडावर पेट्या आल्या असत्या, आणि मुरबाडची फेरी, दोन वसाहती, सोसायटीचा रोष हे सगळं वाचलं असतं.

पाणी पहिल्या दिवसापासून आत हवं होतं. माशीला एकदा पाण्याची जागा लागली की ती सोडवणं जवळपास अशक्य होतं. इथे स्थलांतरामुळे ती संधी दुसऱ्यांदा मिळाली.

मक्त्याच्या करारात फवारणीचं कलम पीक देतानाच घालायला हवं होतं. तोंडी ठरलेलं या हंगामात पाळलं गेलं, पण पुढच्या वर्षी मक्तेदार दुसरा असू शकतो. अण्णांनी नव्या करारासाठी ते कलम लिहून घेतलं आहे: फुललेल्या मोहोरावर फवारणी नाही, आणि कोणतीही फवारणी करण्याआधी किमान एक दिवस पूर्वसूचना.

मधाचा नमुना प्रयोगशाळेत जड धातूंसाठी तपासून घ्यायला हवा होता. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गजबजलेल्या भागातल्या मधात शिशासारखे धातू तुलनेने जास्त आढळले होते, तरी ते खाण्यास सुरक्षित पातळीतच होते. घोडबंदरचा मध तसाच असेल असं गृहीत धरून चालणार नाही. वहिनी यंदाच्या जांभळाच्या मधाचा नमुना पाठवणार आहेत आणि अहवाल येईपर्यंत बाटल्या घरातच राहणार आहेत.